श्यामसुंदरचं बोट

शीर सापडत नसली की येरवड्याच्या त्या दवाखान्यात एकच उपाय होता: श्यामसुंदरला बोलवा. कुणाच्या शिरा औषधांनी पार आत दडून बसलेल्या असोत, एखादं लेकरू हातपाय झाडत असो, नाहीतर शिकाऊ मुलीनं दोनदा सुई घालून पेशंटचे आणि स्वतःचेही डोळे भरून आणलेले असोत. तो यायचा, दंडाला पट्टा बांधायचा आणि डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कोपराच्या आतल्या बाजूला हळूहळू फिरवायचा. बोट थांबलं की काम झालं म्हणून समजायचं. वाशीमहून पुण्यात आल्यापासून अठरा वर्षं त्यानं हेच केलं होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

ग्लोव्ह घातला की बोटाला शीर लागत नाही. म्हणून श्यामसुंदर सकाळी ग्लोव्ह चढवायचा आणि त्याच एका बोटाचं टोक नखानं फाडून टाकायचा. हातमोजा घातला म्हणायला घातला, आणि बोट मोकळं. तपासणीवाले यायचे त्या दिवशी तेवढे अख्खे ग्लोव्ह. बाकी हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं, कारण शीर सापडत होती. त्याच्या हाताखाली शिकलेली सात-आठ पोरंपोरीही टोक फाडूनच काम करत. सगळ्यात अलीकडची ऋतुजा.

शनिवार पेठेतले आगाशे काका दर पंधरा दिवसांनी त्याच्याकडे येत. वय एक्याऐंशी, शाळेत गणित शिकवून निवृत्त. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त किती पातळ आहे ते सारखं तपासावं लागे. शनिवार पेठेत पावलोपावली लॅब असताना मुलगा आमोद त्यांना गाडीत घालून नदीपलीकडे आणायचा, कारण काकांचा हात दुसऱ्या कुणाला लावायची सोय नव्हती. "तुमच्या इथे रक्त काढणारा एकच आहे," काका शेजारच्या टेबलांवर रक्त काढणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणत. "उरलेले शिवणकाम करतात."

त्या मंगळवारी सकाळी रक्त काढून झालं होतं. सुई बाहेर येत होती, श्यामसुंदरचं डावं बोट कापूस घेऊन तयार होतं, आणि नेमका काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी सवयीनं हात ओढला. सुई त्या उघड्या बोटात गेली.

ठिपक्याएवढं रक्त आलं. श्यामसुंदरनं बोट पँटला पुसल्यासारखं केलं आणि पुढच्या पेशंटचं नाव वाचायला घेतलं. हे असंच असायचं. टोचलं की दाबायचं, नळाखाली धरायचं आणि पुढचा नंबर. पण ऋतुजानं पाहिलं होतं, आणि तिचं प्रशिक्षण ताजं होतं.

"सर, दाबू नका हं. साबणानं धुवा. आणि रिपोर्ट करायचा असतो."

"अगं, एवढंसं तर आहे."

"चूक माझी आहे," आगाशे काका म्हणाले. "जे काय नियमात असेल ते होऊ द्या."

दोघं बघत होते म्हणून तो गेला. एकटा असता तर गेला नसता.

असल्या टोचण्या-कापण्यांचा रिपोर्ट घेणाऱ्या थोपटे सिस्टर दुसऱ्या मजल्यावर बसत. बाई कडक, पण मनानं चांगल्या. त्यांनी फॉर्म काढला. केव्हा, कुठे, कुठली सुई. मग विचारलं, "यापूर्वी कधी टोचलंय?"

"टोचलंय की."

"किती वेळा?"

श्यामसुंदरनं आठवून पाहिलं. "दहा-बारा. वीस पण असतील."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "आणि एकदाही कळवलं नाहीत?"

तो नुसता हसला. टोचलं म्हणून वर जायचं म्हणजे हात चुकला असं दहा जणांना सांगायचं. श्यामसुंदरचा हात चुकत नाही, हीच तर त्याची सगळी कमाई. ती त्यानं बोटासारखीच जपली होती.

आता दोघांचं रक्त तपासायचं होतं. ज्याच्या अंगातली सुई त्याचं, आणि ज्याला टोचली त्याचंही, म्हणजे आजपर्यंत अंगात काय होतं ते कळतं. काकांच्या तपासणीचं नाव ऐकताच आमोद भडकला. "बाबांची एचआयव्ही टेस्ट? अहो, काय बोलताय काय आपण? आम्ही कुठल्या घरातले आहोत..."

"आमोद," काका म्हणाले, "रक्त माझं आहे. तू फक्त गाडी चालव." आणि त्यांनी सही केली.

दुपारी काकांचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही, कावीळ बी नाही, सी नाही. सकाळपासून धरलेला श्वास श्यामसुंदरनं सोडला, खाली जाऊन चहा घेतला, ऋतुजालाही पाजला. थोपटे सिस्टरचा पुन्हा फोन आला तेव्हा सही राहिली असेल असं समजून तो शीळ घालत जिना चढला.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "काकांचं सगळं चांगलं आहे. तुमचं हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलंय."

त्याला पहिल्यांदा वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. त्यानं पुन्हा रक्त दिलं. चार दिवसांनी मोठ्या तपासणीचाही निकाल आला. विषाणू होता, आणि भरपूर होता. डॉक्टर समजुतीनं बोलले. मंगळवारच्या सुईचा याच्याशी संबंध नाही, इतक्या लगेच रक्तात काही दिसत नसतं, हे जुनं आहे. आता गोळ्या चांगल्या आहेत, बारा आठवडे घ्यायच्या, बहुतेक सगळे बरे होतात.

"जुनं म्हणजे कधीचं, सर?"

"ते कसं सांगणार? कुठल्या टोचण्याची नोंद आहे तुमची?"

नोंद नव्हती. फॉर्मवर 'सदर घटनेशी संबंध नाही' असं लिहिलेलं होतं, त्याखाली श्यामसुंदरनं सही केली. आजार दवाखान्यातच लागला असणार हे सिस्टरना ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण कागदाला ते ठाऊक नव्हतं.

त्याला रडू येईल असं वाटलं होतं. स्कूटरवरून वाघोलीला घरी जाताना त्यानं वाटही पाहिली. आलं नाही. त्याच्या डोक्यात सारखं एवढंच येत होतं की कोथिंबीर घ्यायची आहे. ती त्यानं घेतली. निशा, त्याची बायको, निवडायला बसली तेव्हा त्यानं तिला सांगितलं.

तिचे हात थांबले. "मंग आता?"

"गोळ्या हायेत. बारा हप्ते."

"बरं होते?"

"होते म्हणतात."

बायकोची आणि मुलीची तपासणी झाली. दोघी ठीक निघाल्या. निशा देवापुढे बसून रडली. तो शेजारी बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. मग एके दिवशी त्यानं डॉक्टरांना विचारलं, माझ्या उघड्या बोटातून कुणाला गेलं असेल का? डॉक्टर म्हणाले, शक्यता फार म्हणजे फारच कमी. त्यांनी 'नाही' म्हटलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. हजारो हात त्याच्या बोटाखालून गेले होते. त्यानं ते आठवायचा प्रयत्न केला, पण कुठल्याच हाताला चेहरा येईना, आणि त्याचंही त्याला काही वाटेना.

आजार असला तरी रक्त काढायला मनाई नव्हती. तरी लॅबच्या प्रमुखांनी त्याला रिपोर्ट वाटायच्या खिडकीत बसवलं. "थोडे दिवस. तुमच्याच सोयीसाठी."

पंधरा दिवस झाले आणि आगाशे काका आले. ऋतुजानं, आता अख्खे ग्लोव्ह घालून, दोन्ही हातांवर एकेकदा प्रयत्न केला. जमलं नाही. दोन कोपरांत दोन कापसाचे बोळे दाबून काका खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मागे आमोद.

"तुम्हाला इथे तिकिटं विकायला बसवलंय का?"

श्यामसुंदर खोटं बोलू शकला असता. "काका, तुमचं रक्त चांगलं निघालं," तो म्हणाला. "माझं नाही. मला कावीळ सी आहे. जुनी आहे, तुमच्यामुळे नाही."

आमोदनं वडिलांचा खांदा धरून त्यांना जरा मागे ओढलं. काका जागचे हलले नाहीत.

"त्यात रक्त काढता येत नाही?"

"येतं. ग्लोव्ह नीट घातला की येतं."

"मग घाला ना. धड घाला आणि या."

तो उठला. प्रमुख त्यांच्या केबिनमधून बघत होते, पण बाहेर आले नाहीत. श्यामसुंदरनं नवे ग्लोव्ह चढवले. नख आपसूक टोकाकडे गेलं, तिथून त्यानं ते काढून घेतलं. पट्टा बांधला, बोट ठेवलं. बोटाला रबर लागलं. त्यानं बोट वर नेलं, खाली आणलं, बाजूला सरकवलं. रबर. रांगेतले लोक बघत होते. ऋतुजा शेजारी उभी होती, आणि तिची मान खाली होती.

"सापडत नाही, काका," तो म्हणाला.

हे वाक्य कधी म्हणावं लागू नये म्हणून त्यानं वीस वेळा टोचलेलं बोट लपवलं होतं. आता ते म्हणून झालं, सगळ्यांसमोर, आणि आत काही हललं नाही.

काकांनी हात मागे घेतला नाही.

"शोधा," ते म्हणाले. "मला कुठे जायचं नाहीये."

श्यामसुंदरनं बोट पुन्हा ठेवलं.