मोठेबाबांचं पहिलं ऑमलेट

गुणवंता हे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्या तिगावात अशा माणसाला मोठेबाबा म्हणतात, आणि आमचे मोठेबाबा सदुसष्टाव्या वर्षीही हरखून जायला कारणच शोधत असतात. बोअरला पाणी लागलं की गावभर सांगणार, संत्र्याला बहार फुटला की मला झोपेतून उठवून बगिच्यात नेणार. आमच्या दोन घरांत कमरेएवढी एकच भिंत आहे. ‘वैशालीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो,’ असं तेच लोकांना सांगतात, आणि तरी मलाच उठवतात.

मोठेबाबांना अंडी फार आवडतात. पण मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. अंडी बगिच्यात शिजायची, झाडाला टांगलेल्या वेगळ्या तव्यावर, आणि शिजवायचा त्यांचा दोस्त विनायक. मोठेबाबा फक्त खायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी घरी साधा चहासुद्धा केलेला नव्हता.

यंदा मोठीआईला तापानं घेरलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. अकरा दिवस थोडी पेज आणि दोन घोट चहा, एवढ्यावर ती पडून होती. पायांवर सूज आली. डॉक्टरांनी सांगितलं की अंगात ताकद उरलेली नाही, रोज अंडी खाऊ घाला. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर नागपूरला भरती करावं लागेल. नागपूरचं नाव ऐकून मोठेबाबांचा चेहराच उतरला. त्यांची आई नागपूरला गेली ती परत आली नव्हती.

अंड्याचं नाव काढताच मोठीआईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. तेव्हा ती मोठेबाबांकडे बोट करून सावकाश म्हणाली, “यायच्या हातचं असन त खाईन.”

हा नकार होता, हे मला लगेच कळलं. मोठेबाबांना मात्र तो होकार वाटला आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात.

शनिवारी सकाळीच ते मोटारसायकलवरून पांढुर्ण्याला गेले. परत आले तर मागच्या सीटवर संत्र्याची लाकडी पेटी बांधलेली. पेटीत तणस, म्हणजे भाताचा सुका पेंढा, आणि त्यात एक डझन अंडी, बाहेरगावी माल धाडताना संत्री लावतात तशी थरावर थर लावून. एकही फुटलं नव्हतं. हे त्यांनी मला तीनदा दाखवलं, आणि या नादात बगिच्यातला तवा आणायचा राहिला म्हणून पुन्हा गाडीला किक मारली.

मागच्या अंगणात त्यांनी तीन विटांची चूल मांडली. मोठीआईच्या खोलीचं दार तिकडेच उघडतं, त्यामुळे बाजेवरून तिला सगळं दिसत होतं. मी भिंतीपलीकडून सांगत होते: कांदा बारीक, मिरची, मीठ, चिमूटभर हळद, मग अंडी फोडून फेटा. पहिलं अंडं त्यांनी नारळासारखं दगडावर आपटलं. ते दगडानंच खाल्लं. पुढची दोन नीट फुटली, तेव्हा माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ती त्यांनीच घातली होती.

तापलेल्या तव्यावर अंडं पडलं, चर्र आवाज झाला, कडा फुलल्या, वास सुटला. जमतंय की! मी म्हटलं, आता हात लावू नका. पण ऐकतील तर मोठेबाबा कसले? तव्यावर पडलेली एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर नीट पाहिली होती, ती म्हणजे मोठीआईची ज्वारीची भाकर. भाकर टाकली की मोठीआई ओल्या हातानं वरून पाणी फिरवते. यांनी तेच केलं. तांब्यात हात बुडवला आणि ऑमलेटवर भरपूर पाणी फिरवलं. तेल उडालं, वाफ उठली आणि ऑमलेटचं पिवळं गरगट झालं. मी तोंड उघडणार, तोच आवाज आला.

“अवो, भाकर होय का ते? पाणी काहून फिरवून राहिले?”

मोठीआई दारात उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरून. अकरा दिवसांत ती आपणहून उठली नव्हती. मी भिंतीवरून उडीच मारली. तिनं माझा हात झटकला, पाटावर बसली आणि मोठेबाबांना तवा धुवायला लावला. स्वतः कशालाच बोट लावलं नाही, नुसती सांगत राहिली: जाळ कमी करा, तेल फिरवा, आता टाका, थांबा, कडेनं सोडवा, उलटवा. मोठेबाबा घाम पुसत निमूटपणे तसं करत होते. ऑमलेट एका बाजूनं करपलं, गोल काही झालं नाही, पण झालं. अजून तिनं खाल्लं कुठे होतं?

घरातलं ताट चालणार नाही म्हणून त्यांनी ते पळसाच्या पत्रावळीवर वाढलं. तिनं एक घास तोडला, डोळे मिटून चावला. मग दुसरा. मोठेबाबा समोर उकिडवे बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटचा तुकडा संपला तेव्हा तिनं रिकामी पत्रावळ त्यांच्याकडे सरकवली.

“अजून एक करा,” ती म्हणाली. “अन् घाई नका करू. मी बसून राहिली इथंच.”

मोठेबाबांनी पेटीतून अंडं उचललं. पण त्यांचे डोळे इतके भरून आले होते की ते मलाच फोडून द्यावं लागलं.