गुळाची तुला

दुष्काळ सरला तसा जुन्या जालन्यातल्या आमच्या आडत्यानं नवस फेडायला बावीस वर्षांच्या लेकाची पोत्यांच्या काट्यावर गुळानं तुला मांडली. आणलेला सगळा गूळ संपला, तरी पोराचं पारडं जमिनीलाच. आणखी ढेपी येईस्तोवर आडत्यानं गमतीनं गूळ उतरवून आम्हा दोन हमालांना समोर बसवलं. आम्ही पोराच्याच वयाचे, दिवसभर पोती वाहणारे. पारडं हललंसुद्धा न्हाई.

"काय नशीब हाय गड्या!" जोडीदार पुटपुटला. एवढा भरलेला तरणा देह आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पोराच्या आईनं घाईनं त्याला काजळाची तीट लावली.

परवा नातवाच्या कॉलेजचा फोटो बघितला. बोट ठेवावं तो पोरगा आडत्याच्या लेकासारखाच भरलेला. एवढ्यांना गूळ आणायचा कुठून?