तार दोनदा तोडली म्हणून

श्रावण इंगळे यांना, पाकिस्तानशी लढाई पेटली त्या भादव्यात, गणपती उठायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी बाराला पोलिसांनी हाताला दोरी बांधून गावातून नेलं. आरोप हेरगिरीचा. निषेधाच्या पत्रकाच्या चार ओळींत हा माणूस मावत नाही, म्हणून हे लिहितो.

श्रावणदादांचं रेडिओ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान वडनेर भोलजीच्या रस्त्याला होतं. मी पहिल्यांदा गेलो तो सभेसाठी मोठ्यात मोठा भोंगा मागायला. तापल्या कैचीनं तारेला डाख देता देता, वर न पाहता त्यांनी विचारलं, "सभेले मानसं किती येतात बे?" मी म्हटलं, चाळीस. "मंग चाळीस जनाईले आयकू जाईन तेवढाच आवाज कर. जास्तीचा आवाज म्हंजे कमी अक्कल." मी चिडून निघालो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आमच्या गावचा सरकारी रेडिओ देवळाच्या मंडपात. दिला साऱ्या गावाला, पण आम्ही बौद्धांनी मंडपात बसायचं नाही. बिघडला की तोच रेडिओ पायरीवर आणून श्रावणदादांच्या पुढ्यात ठेवत. त्यांचे हात चालत, ते चालत नसत!

ग्रामसेवकाच्या तोंडी परवानगीनं त्यांनी त्या रेडिओपासून नाल्यापलीकडच्या आमच्या विहारापर्यंत तार ओढून टोकाला कर्णा लावला. आठ दिवसांत तार तुटली. जोडली. पुन्हा तुटली, या खेपेस सुरीनं, सरळ. तेव्हा म्हणाले, "तार तोडतात ना? मंग बिनतारीच करू."

मंडपातल्या रेडिओच्या खोक्यात बसेल एवढासा, त्याचा आवाज हवेतून पाठवणारा प्रक्षेपक, आणि तो पकडायला विहारात एक छोटा संच. प्रक्षेपकात बसवायचा ट्रान्झिस्टर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा तो सुटा भाग, कोणता घ्यायचा, यावर महिना गेला. ओसी ७१ आवाज मोठा करायला ठीक, पण मिडियम वेव्हवर त्याला दम लागतो. तिथं ओसी ४५ धावतो, असं ते एखाद्या बैलजोडीबद्दल बोलावं तसं सांगत. जास्त ताकदीचा मिळत होता, त्यांनी घेतला नाही. मग आठवडाभर डायलचा काटा फिरवत सकाळ-दुपार-संध्याकाळ ऐकलं आणि डायलच्या सोळाशे आकड्याच्या टोकाशी एक ओसाड जागा निवडली, जिथं कोणतंच स्टेशन लागत नव्हतं. "दुसऱ्याच्या वावरातून पायवाट काढू नाई," म्हणाले. एरियल हातभर. संच हातात धरून चालत गेले; विहाराच्या वीस पावलं पुढं आवाज मेला, तेव्हा हसले. आवाज मेल्यावर खूश झालेला रेडिओवाला मी दुसरा पाहिला नाही.

परवाना नव्हता. कबूल. त्याचा दंड करायचा होता.

लढाई लागली. मंडपात बसलेल्या एकानं आपला नवा ट्रान्झिस्टर रेडिओ फिरवताना दिल्लीच्या बातम्या डायलवर दोन ठिकाणी ऐकल्या, एकदा नेहमीच्या जागी, एकदा सोळाशेच्या टोकाशी, आणि थेट ठाणं गाठलं. जमादारानं रेडिओ उघडला आणि हे यंत्र बातम्या कुठवर नेतं, असं दरडावून विचारलं. श्रावणदादा म्हणाले, "नाल्याच्या त्या पार, विहारापर्यंत. त्याच्या पुढं गेला त मी कारागीर कायचा?"

जमादार हसला, आणि दोरी मागवली. जी गोष्ट पुढच्या शेतापर्यंत पोचत नव्हती, ती लाहोरपर्यंत पोचते, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. ग्रामसेवक समोर उभा होता. त्याला परवानगी आठवली नाही. तार तोडणारे तर पंच म्हणून सह्या करायला पुढं आले.

तिसऱ्या दिवशी सोडलं. कोर्टात आरोप ठेवला नाही, दुकानातून उचलून नेलेली हत्यारं परत केली नाहीत. हेराच्या हातात रेडिओ कोण देणार? सहा महिन्यांत दुकान बसलं आणि ते लेकीकडे भुसावळला निघाले. एस.टी.च्या थांब्यावर मी तावातावानं बोलत होतो, अर्ज करू, मोर्चा काढू. ते म्हणाले, "मले हेर म्हटलं त्याचं सोड. विहारातले लेकरं रोज इचारत, लढाई सरली का म्हनून. त्याहिले कोनी सांगतलं का बे?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेव्हा वाचणाऱ्या, हळहळू नकोस. तुझ्या गावचा सरकारी रेडिओ कुठं ठेवलाय, ते आजच बघून ये. सगळ्यांना बसता येत नाही अशा जागी असेल, तर उचल आणि शाळेत नेऊन ठेव. कोणी आडवं आलं, तर त्याचं नाव लिहून मला पाठव.