दळण कोण दळते?

मी घर सोडलं त्या दिवशी माय पहाटेच जात्यावर बसली होती. बंडी दारात उभी होती, धाकटा भाऊ दामू माझी पत्र्याची पेटी चढवत होता, आणि आतून जात्याची घरघर काही थांबत नव्हती. मला राग आला. लेक चालली आणि हिला आजच दळण सुचावं? काका ओट्यावर बसून होते. "लोकाईची घाण काढाले पोरगी धाडून राह्यली," असं ते आदल्या दिवशी साऱ्या आळीत सांगून आले होते. बाबा वारून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे काकांचा आवाज जरा जास्तच चढायचा. मायनं त्यांना उत्तर दिलं नाही. ती बाहेर आली, कपाळावर, भुवयांवर पीठ तसंच, आणि ज्वारीच्या पिठाचं गाठोडं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

मी म्हटलं, "माय, वर्ध्याले हॉस्टेलात जेवण मिळते."

"जेवण मिळीन वं. तुह्यासाठी दळीन कोण?" ती म्हणाली. मग बैलांकडे बघत म्हणाली, "येजो." आमच्याकडे जाणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत.

आमचं गाव देवळीपासून कोसभर. तिथून वर्धा दहा-बारा मैल. आज हे अंतर सांगताना हसू येतं, पण पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत सातवी पास पोरीला नर्सिंग शिकायला दहा मैलांवर जायचं म्हणजे समुद्र ओलांडण्यातलाच प्रकार होता. हॉस्टेलात मेसचं जेवण होतं, चूल कुणाला लावू देत नसत. मायचं पीठ पेटीतच राहिलं. पंधरा दिवसांनी काढलं तर कडू पडलेलं. मागच्या नालीत नेऊन टाकलं, आणि वर शहाण्यासारखं मैत्रिणीला म्हटलं, आमची माय अडाणीच आहे. त्या गाठोड्याचं फडकं मात्र अजून माझ्याकडे आहे.

आम्हाला शिकवायला सुमती सिस्टर होत्या. पुण्याकडच्या, उंच, आवाज कधीच न चढवणाऱ्या. रोगी कसा बघायचा हे त्यांनी शिकवलं: आधी नुसतं बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा. डोळे, जीभ, नखं, पावलं. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, अर्ध्या मिनिटाला दुप्पट करून लिहायचं नाही. श्वास मोजताना रोग्याला कळू द्यायचं नाही, हात नाडीवरच ठेवायचा. मी सगळं पाठ केलं. सहा महिन्यांत कांजी केलेला पांढरा पोशाख, टोपी आणि सिस्टरांची भाषा, तिन्ही अंगावर घातली. घरी 'काऊन' म्हणणारी मी वॉर्डात 'का बरं' म्हणायला लागले.

एक दिवस आर्वीच्या पलीकडच्या रानातल्या वस्तीवरून सोमीबाई आली. गोंड बाई, वय वीस-बावीस, हातापायांवर गोंदण. बरोबर नवरा आणि सासू. तिघं आपसात त्यांच्या भाषेत बोलत, आमच्याशी तुटकी मराठी. मी तिला पलंग दाखवला, चादर नीट केली आणि थर्मामीटर आणायला गेले. परत येते तो पलंग रिकामा. रोगी पळाला म्हणून मी वॉर्डभर बोंब केली. सोमीबाई पलंगाखाली, फरशीवर, सासूच्या शेजारी अंग चोरून बसलेली होती. मी तिला हाताला धरून वर बसवलं. पाणी घेऊन आले, तर पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मात्र मी तिला दटावलं, तरी ती खालीच बसून राहिली.

मग तिच्यासमोर ताठ उभी राहून मी विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला? काही दुखतं का?"

"बरं हाय," ती म्हणाली.

ताप नव्हता. नाडी फार जलद लागली, पण मी मनाशी म्हटलं, घाबरली असेल. केसपेपरवर लिहून टाकलं: रोगी बरी आहे, दुखणं सांगत नाही.

आमच्या वॉर्डात जनाबाई नावाची आया होती. नालवाडीहून रोज पायी यायची. ती फरशी पुसत पुसत सोमीबाईपर्यंत आली आणि फडकं बादलीत टाकून तिच्यापाशी उकिडवी बसली. मी शेजारच्या पलंगाशी होते. जनाबाईनं आधी पाऊसपाणी विचारलं, बकऱ्या विचारल्या, मग सहज म्हणाली, "मंग घरी आता दळण कोण दळते वं?"

"जाऊबाई," सोमीबाई म्हणाली.

"कधीपासून?"

"होळीपासून."

तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. जनाबाईनं पुढं विचारलं, पाण्याला कोण जाते? पाण्याला मीच जातो, पण वाटेत दोनदा बसावं लागते. आणि मोहाची फुलं वेचायला? औंदा नाही गेली. वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. शेजारी बसलेली सासू हे सगळं ऐकत होती, मान हलवत होती, एक-दोन गोष्टी तर तिनंच भरीला सांगितल्या. मी पेन हातात धरून ऐकत राहिले.

सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या आल्या, आणि पहिलं काम काय केलं, तर पलंगावरची गादी फरशीवर घालायला लावली. सासू खाली असताना सून वर बसणार नाही, हे त्या पुण्याच्या बाईला कळत होतं आणि देवळीकडच्या मला कळलं नव्हतं. मग त्या स्वतः खाली बसल्या, सोमीबाईची खालची पापणी हलकेच ओढली. आत लालीचा टिपूस नव्हता, पिंजलेल्या कापसासारखी पांढरी. नखं खोलगट झालेली. पावलांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. अंगातलं रक्त जंतांनी आणि उपासानं पार आटवलं होतं.

सिस्टरांनी माझा कागद वाचला. "शेवंता," त्या म्हणाल्या, "ही बरी आहे, तर इतक्या लांब कशाला आली?"

चूक माझी होतीच, पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. आमच्याकडची बाई कधी तरी सासरच्या माणसांसमोर 'मला दुखतं' म्हणाली आहे का? तसं म्हणणं म्हणजे घरच्यांनी काळजी घेतली नाही असं चारचौघांत सांगणं. दुखणं सांगायची लाज, पण काम कोण करतं हे सांगायला लाज नाही. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. कांजीच्या पोशाखात शिरताना मी ते बाहेर ठेवून आले होते. त्या दिवसापासून मी रोग्याजवळ बसून बोलायला शिकले, आणि आधी काम विचारायला.

सोमीबाई दोन महिन्यांनी बरी होऊन गेली. उन्हाळ्यात पुन्हा दाखवायला आली तेव्हा तिनं कमरेची पुरचुंडी सोडून माझ्या ओंजळीत मूठभर पीठ घातलं. "म्या दळलं," म्हणाली. मी तिची पापणी बघायच्या आधीच मला कळलं.

परीक्षा झाली आणि अहमदाबादच्या एका दवाखान्यात जागा निघाल्याचं कळलं. पगार बरा होता, दामूचं शिक्षण व्हायचं होतं. तेव्हा वर्धा आणि अहमदाबाद एकाच राज्यात आले होते, त्यामुळे मला वाटलं काही फार लांब नाही. भुसावळला गाडी बदलली, पहाटे तापीच्या काठानं गाडी चालली आणि स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं पालटली. तेव्हा कळलं किती लांब आले ते.

तिथं सगळं नवं होतं. भाजीत गूळ, डाळीत गूळ. रोग्याला बेन किंवा भाई म्हणायचं. आणि केम छो विचारलं की गिरणीतल्या कामगारापासून पेढीवरच्या शेठाणीपर्यंत प्रत्येकाचं एकच उत्तर, मजामां. पोटात गाठ घेऊन आलेली बाईसुद्धा मजामां. मला हसू यायचं. मी त्यांच्यापाशी बसून विचारायची, हल्ली रोटला कोण थापतं, जिना एका दमात चढता का, पाण्याचा घडा कोण उतरवतं. डॉक्टर म्हणत, ही मराठी सिस्टर रोग्याच्या पोटात शिरते. मीही जरा फुशारून जायची.

घरी दर महिन्याला पत्र. मायला लिहिता येत नव्हतं, शाळेचे मास्तर तिच्यासाठी लिहीत. मी विचारायची, तुझी तब्येत कशी आहे? मास्तरांच्या वळणदार अक्षरात उत्तर यायचं, इकडे सर्व बरे आहे, तुझी खुशाली कळवावी. मीही लिहायची, मी बरी आहे. पहिल्या वर्षी मला काविळीनं महिनाभर झोपवलं, तेव्हाही मी बरी आहे असंच लिहिलं. दोन वर्षं असा कारभार चालला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका सकाळी वॉर्डात एका म्हातारीला मी विचारत होते, "बा, दळणुं कोण दळे छे?" आणि माझं मलाच ऐकू आलं. म्हातारीचं उत्तर काय होतं ते मला आठवत नाही. ड्यूटी संपल्यावर मी पोस्टात गेले आणि तिथल्या बाकावर बसून कार्ड लिहिलं. तब्येत विचारली नाही. एकच ओळ लिहिली: माय, आता घरी दळण कोण दळते?

दहाव्या दिवशी उत्तर आलं. वर सर्व बरे आहे, खाली पावसाची, कापसाची हकिकत. आणि अगदी शेवटी: दळण सूनबाई दळते. पोळ्यापासून.

दामूची बायको वच्छी पाच महिन्यांपूर्वीच घरात आली होती; लग्नाला मला रजा मिळाली नव्हती. नवी सून आली म्हणून सासू जातं सोडेल, तर ती माझी माय नव्हे. पोळा होऊन दोन महिने झाले होते. मी रजा टाकली आणि गाडीत बसले.

माय अंगणात भिंतीला टेकून बसली होती. मी वेशीतून येताना तिला दिसले, तरी ती उठली नाही. मी लेक म्हणून धावले खरी, पण पोचेपर्यंत माझ्यातल्या नर्सनं सारं बघून घेतलं होतं. पावलं सुजलेली. ओठ निळसर. मानेची शीर बसल्याजागी उडत होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "बरं हाय."

वर्ध्याला नेलं. सुमती सिस्टर होत्या, मायला पलंगावर अवघडल्यासारखं होईल हे ओळखून त्यांनी न सांगता गादी खाली घातली. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, सहा महिने आधी आणायला हवं होतं. औषधानं सूज उतरली, दम जरा कमी झाला. पण तिला घर हवं होतं. मी रजा वाढवली आणि तिला घरी आणलं.

एका पहाटे मी वच्छीला उठवलं नाही, स्वतःच जात्यावर बसले. इतक्या वर्षांत हात मऊ झाले होते, पायलीभर दळेपर्यंत तळहाताला फोड आले. माय पलीकडे उशाला टेकून ऐकत पडली होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "शेवंते, तिकडं तुहं दळण कोण दळते?"

"गिरणीतून आणतो माय."

"गिरणी तं साऱ्याईलेच देते. तुह्यासाठी कोण दळते म्हून पुसलं मी."

जात्याभोवतीचं पीठ मी हातानं गोळा करायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे तू बी मले दोन वरीस बरं हायच लिहून राह्यली होती." रागानं नाही म्हणाली. मी तिच्यापाशी जाऊन पडले आणि खूप रडले. काविळीचं सांगितलं. दवाखान्याच्या खोलीत संध्याकाळी दिवा लावून कुणाची वाट बघायची हे कळत नाही, तेही सांगितलं. तिनं पिठाचा माझा हात आपल्या हातात धरून ठेवला. तिची नाडी माझ्या बोटांखाली होती, पण त्या दिवशी मी ती मोजली नाही.

महाशिवरात्रीच्या आधी माय गेली. मी अहमदाबादला परत आले. पुढं राज्यं वेगळी झाली, मी इकडेच राहिले, इकडेच रिटायर झाले. लग्न केलं नाही. गुजराती बोलते, डाळीत गूळ घालते. गावी आता जातं परसात पालथं पडलंय, असं दामू सांगतो. मला अजूनही पहाटे जाग येते ती त्या घरघरीसाठी, आणि खाली रस्त्यावर दुधाच्या बाटल्यांचा आवाज येत असतो.

हे सारं लिहायला बसले ते दामूच्या नातीसाठी. सुषमा वर्ध्याला नर्सिंग शिकते आहे, मी शिकले त्याच गावात. मी तिला नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, मी मजेत आहे. तिचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. तब्येत कशी, असं त्यात कुठेच नाही. लिहिते, आजी, तुझ्या चाळीत पाणी पहाटे येतं ना? मग जिन्यावरून कोण आणतं? तिच्या आजीनं, वच्छीनं शिकवलं असणार; माझं ते दळणाचं कार्ड तिला ठाऊक होतं. चार दिवस मी ते पत्र उशाशी ठेवलं होतं. इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

तर सुषमा, पाणी शेजारची हंसाबेन आणते. दिवाळीपासून.

सवड काढून येजो.