सुमनची ओली माती

सुमन साळवे गेल्याचं मला मनमाडच्या फलाटावर कळलं. तिचे यजमान भाऊसाहेब तिथे रेल्वेत कारकून. त्यांच्याच कचेरीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं. काविळीचं निमित्त झालं म्हणे... माझी गाडी आली आणि गेली. मी बाकावरून उठलेच नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या एका माती-तपासणी प्रयोगशाळेत आम्ही दोघी शेजारी बसायचो. तिथली रीत ठरलेली. आलेली माती व्हरांड्यात वर्तमानपत्रावर वाळवायची, कुटायची, चाळायची. सुमन मात्र डॉक्टरेटसाठी नेमकं उलटं करत होती. मातीत विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. ती असली तरच युरियासारखं खत पिकाला लागू पडतं. माती कमीजास्त तापमानात साठवली तर ही विकरं किती टिकतात, हा तिचा विषय. सायखेड्याची काळी आणि सिन्नरची मुरमाड माती ती ओलीच पिशव्यांत बांधायची, काही फळीवर, काही फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिन्यामहिन्यानं तपासायची. आम्ही चिडवायचो, "सुमन, मातीला स्वेटर कधी विणतेस?" ती म्हणायची, "स्वेटर नको गं बाई, उकाड्यानंच मरते ती."

दसऱ्याला ती दरवर्षी घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. त्या वर्षी ती तिकडे, मीही रजेवर, आणि इकडे प्रयोगशाळेत खंडेनवमी. यंत्रं धुऊनपुसून पुजायची म्हणून फ्रीजही रिकामा केला. फळीवरच्या पिशव्याही काढल्या. ओली माती बघून कुणाला तरी वाटलं, बाईंचं काम राहिलंय. सगळी माती उन्हात पसरून टाकली, अगदी चांगुलपणानं.

आम्ही दोघी एकाच दिवशी कामावर आलो. फ्रीजच्या दाराला झेंडूचा हार होता, आत काही नव्हतं. साहेब म्हणाले, "अहो साळवे, छान वाळलीये की! आणि नेमक्या सणालाच तुम्ही नसता." त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. सुमन ती वाळकी माती घेऊन तपासायला बसली. विकरं जवळजवळ संपली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर शिष्यवृत्तीची मुदत सरत आलेली, आणि मुदतवाढ काही मिळाली नाही. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. पुढे सुमन लोकांच्या मातीचे अहवाल लिहीत राहिली. तिच्यासारख्या हुशार बाईनं तेवढंच करावं, हे मला कधी सोसलं नाही.

परवा भाऊसाहेबांना भेटायला नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. पाणी द्यायला त्यांनी फ्रीज उघडला, तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा दिसला. मी विचारलं.

"मेथी हाय, ताई. दवाखान्यात जायच्या दिवशी तिनं केलेली."

"भाऊसाहेब, आता टाकायला हवी ती."

"लय वेळा उचलला डबा... नाय टाकवत."

बोलता बोलता वीज गेली. ते लगबगीनं उठले, कॉटवरची गोधडी ओढली आणि फ्रीजभोवती गुंडाळू लागले. एकट्यानं जमेना. मी दुसरं टोक धरलं.