काकूच्या पोथीची जिल्द

काकूला मी आयुष्यभर अहोजाहो केलं. ती बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आईसुद्धा तिला 'वहिनी' म्हणून दबून असे. इथे मात्र मी तिला अगंतुगं करणार आहे. माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

उज्जैनला माधव नगरात आमची दोन कुटुंबं एका घरात राहायची, चूल एक. मी तेव्हा सहा वर्षांची होते. घरात नुकतंच केबल आलं होतं. चिप्सच्या पाकिटांतून प्लास्टिकचे इवलेसे डायनासोर निघायचे आणि वर्गातली पोरं ते खिशात घालून मिरवायची. माझ्याकडे त्याहून भारी चीज होती. पुण्याच्या मामाला त्याच्या कॉम्प्युटरच्या कंपनीने सिंगापूरला पाठवलं, आणि येताना त्याने माझ्यासाठी डायनासोरचं चित्रांचं पुस्तक आणलं. ताटाएवढं मोठं, गुळगुळीत कागदाचं, मधोमध दोन पिना मारलेलं. सगळ्यात मधलं पान उघडलं की दोन्ही बाजूंना पसरलेला एकच प्राणी: डावीकडे शेपूट, उजवीकडे जबडा. टायरॅनोसॉरस.

इंग्रजी वाचायला मी त्या पुस्तकावरच शिकले. शाळेत 'कॅट'नंतर 'मॅट' चाललं होतं तेव्हा मी ट्रायसेराटॉप्स आणि ब्रॅकिओसॉरस न अडखळता म्हणत होते. संध्याकाळी काकू भाजी निवडायला बसली की मी पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि नावं सांगू लागायचे.

"बस कर गं," ती म्हणायची. "सगळ्या छिपकल्याच तर आहेत. छोटी छिपकली, बडी छिपकली."

पाल म्हटलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं. मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचे. तिने एकही नाव कधी पुरतं ऐकून घेतलं नाही.

जुलैत शाळा सुरू झाली. पुस्तकांना कव्हर घालणं याला आमच्याकडे जिल्द चढवणं म्हणत आणि ते काम काकूचं. वर्षभर ती जुनी कॅलेंडरं, साडीच्या खोक्यातले कागद गादीखाली साठवून ठेवी. चांगला चिकना कागद दिसला की तिचे हात शिवशिवत. त्या दिवशी मी शाळेतून आले तर चुलतभावाची आठवीची पुस्तकं ओळीने मांडलेली. गणितावर ब्रॅकिओसॉरसची मान. संस्कृतवर ट्रायसेराटॉप्स, आणि त्याच्या कपाळावरच्या दोन शिंगांच्या मधोमध भावाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. भाजीच्या सुरीने काढलेल्या दोन पिना वाटीत ठेवल्या होत्या. काकू काही वाया घालवत नसे.

मी जमिनीवर लोळून रडले. काकू खरोखरच चकित झाली.

"इतकं काय झालं? तुझी तर किताब पाठ झाली होती ना? मग कागद पडून काय करणार होता?"

आई पदराने माझं नाक पुसत म्हणाली, "जाऊ दे, मोठ्या आहेत." त्या चार शब्दांवर आमच्या घराचा संसार चालत असे. मी मात्र त्या दिवशी डूख धरला.

मधलं पान पुस्तकांमध्ये दिसेना. दोन दिवसांनी ते मला देवघरात सापडलं. सगळ्यात चांगला कागद काकूने आपल्या पोथीला चढवला होता. जबड्याची बाजू आत घालून, मागची हिरवी, नुसत्या झाडाझुडपांची बाजू बाहेर ठेवली होती. पोथीला शोभेल अशी.

श्रावणातल्या गुरुवारी काकू ती पोथी वाचायची आणि शेवटच्या गुरुवारी समाप्तीला बायका बोलवायची. माधव नगरातल्या तर यायच्याच, देवास गेटकडच्याही यायच्या. काकूला चष्मा होता, पण चारचौघींत ती तो लावत नसे. त्यामुळे पोथी स्टँडवर न ठेवता दोन्ही हातांनी नाकासमोर धरूनच वाचायची. हे मला पक्कं माहीत होतं. समाप्तीच्या दुपारी ती आडवी झाली तेव्हा मी देवघरात गेले, जिल्द उतरवली, घड्या उलट्या घातल्या आणि जबडा बाहेर काढून पुन्हा चढवली. सहा वर्षांच्या मुलीला इतका थंड राग येऊ शकतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

संध्याकाळी काकूने लाल कापडातून पोथी काढली. चष्म्याशिवाय तिला हिरव्यावर हिरवंच दिसलं असणार. तिने पोथी उघडून उंच धरली, आणि समोर बसलेल्या वीसेक बायकांना एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत अख्खा टायरॅनोसॉरस दिसला. काकू भक्तिभावाने वाचत होती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी दाराशी उभी राहून पोटभर बघत होते. आता ही वाचून थांबेल, आता कुणीतरी विचारेल, आता सगळ्यांसमोर कळेल की हिने लहान मुलीचं पुस्तक फाडलं.

अध्याय संपला. देवास गेटकडच्या एका आजीबाईंनी हात जोडून विचारलं, "हे कोणत्या देवाचं वाहन म्हणायचं, बाई?"

काकूने पोथी उलटी करून डोळ्यांजवळ नेली. मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. आणि पोथीला पोरीच्या फाडलेल्या पुस्तकाची जिल्द घातली हे वीस बायकांत कबूल करण्याऐवजी ती शांतपणे म्हणाली, "आहे एक, पुराणातलं."

तिने पोथी मिटून चौरंगावर ठेवली, जबडा वर. एकेक बाई पुढे आली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, डोकं टेकवून गेली.

बायका गेल्यावर मी जिल्द काढायला धावले. काकूने माझं मनगट धरलं.

"देवाला वाहिलेलं परत घेत नाहीत," ती म्हणाली. "आता राहू दे तिथेच."

तिचंही बरोबर होतं, हेच मला सहन झालं नाही. पूजा झालेलं ते पान काढायची आता खुद्द आईचीही छाती झाली नसती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. भावाच्या जिल्दी वर्षभरात फाटून रद्दीत गेल्या. उरलं ते एकच पान, आणि ते मीच माझ्या हाताने तिला कायमचं देऊन बसले होते. पुढे बाबांची भोपाळला बदली होईपर्यंत दर श्रावणात, दर गुरुवारी ती माझ्या समोर बसून ते उंच धरायची.

मध्यंतरी मी माझ्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन उज्जैनला गेले. माझ्या मुलीकडे डायनासोरची अकरा पुस्तकं आहेत. एकाचीही पिन मी कुणाला हलवू देत नाही. काकू आता खूप म्हातारी झाली आहे, जाड चष्मा लावते आणि तो कुणापासून लपवत नाही. पोथी मांडीवर होती. जिल्दीच्या कडा झिजल्या आहेत, जबडा कुंकवाने लाल झाला आहे. मी पान मागितलं नाही. मागितलं असतं तरी तिने दिलं नसतं.

माझी मुलगी पोथीजवळ जाऊन वाकली. काकूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "काय म्हणतात गं ह्याला? तू तेव्हा सांगत होतीस. इतकी वर्षं हातात धरते आहे, नाव काही मालूम नाही."

मुलीने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"छिपकली, काकू," मी म्हणाले. "बडी छिपकली."

काकू पोथी लाल कापडात बांधू लागली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला याआधी एकही नाव चुकीचं सांगितलं नव्हतं.