वळैकाप्पूतली ओटी

सिंगापूरमध्ये चोआ चू कांगला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अरुणाताई दर गुरुवारी शेजारच्या सेल्वीबाईंकडे एक तमिळ मालिका बघायच्या. दर आठवड्याला नव्या बाईची गोष्ट. तमिळ त्यांना ओ की ठो कळत नसे, पण रडायच्या जागा कधी चुकल्या नाहीत. बायकांची दुखणी कळायला भाषा लागते कुठे?

एका शनिवारी त्याच मालिकेचं शूटिंग त्यांच्या ब्लॉकखाली होतं आणि गर्दीला बायका हव्या होत्या. सेल्वीबाईंनी त्यांना हाताला धरून नेलं. प्रसंग वळैकाप्पूचा होता, म्हणजे गरोदर नायिकेला बायकांनी एकेक करून बांगड्या भरायच्या. मेकअपवाल्या मुलीने अरुणाताईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं. त्यांचे यजमान विश्वासराव जाऊन तीन वर्षं झाली होती. 'नको गं' ओठांवर आलं होतं, पण त्यांनी कपाळ तसंच पुढे ठेवलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी घरी सुनेचं, मैत्रेयीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला त्यांनी आपणहून ओळखीतल्या सवाष्ण मधुवंतीला बोलावलं होतं आणि स्वतःकडे स्वयंपाकघर घेतलं होतं. कुणीही अडवलं नव्हतं हो, हा शहाणपणा त्यांचा त्यांनीच केला होता, आणि तेव्हापासून मनातल्या मनात झुरत होत्या.

सेटवर त्यांची पाळी आली. ताटात बांगड्या, चंदन, कुंकू, नारळ. बांगड्या राहिल्या बाजूला. अरुणाताईंनी सवयीने कुंकू लावलं, नारळ उचलला आणि म्हणाल्या, "पदर पुढे कर बाळा."

नायिका झालेली पोरगी बावरली, पण त्यांचा हात बघून तिने पदर पसरला. तिच्या पोटाला उशी बांधलेली होती, तरी अरुणाताईंनी नारळ अगदी जपून तिच्या ओटीत घातला.

"कट. आंटी, ओन्ली बँगल्स, कॅन?" दिग्दर्शिका हसून म्हणाली.

"कॅन, कॅन," म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या खेपेला मुकाट बांगड्या भरल्या. शूटिंग संपल्यावर ती पोरगी मुद्दाम येऊन पाया पडली. परक्या पोरीला आपला हात चालतो, मग घरच्या पोरीला का चालू नये? लिफ्टमध्ये त्यांना स्वतःचाच राग आला.

मैत्रेयी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. चपला काढायच्या आतच अरुणाताई म्हणाल्या, "उद्या तुझी ओटी मी भरणार. मधुवंती नुसती जेवायला येईल. तुला चालेल ना?"

मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी कितीदा विचारणार होते. तुम्हाला त्रास होईल म्हणून धीर झाला नाही."

"मग उद्या..."

"उद्या सगळ्यांसमोर भराच. पण आज आधी."

अरुणाताई ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या, तेव्हा मैत्रेयी ओढणी पसरून उभीच होती.